चंद्रावरची काळी-पांढरी

ह्यूस्टनला राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा एक न टळणारा कुळाचार आहे. भारतातून पाहुणे आले की त्यांना नासा दाखवायला न्यायचं. मीनाक्षीचं देऊळ झालं, गॅल्व्हेस्टनचा समुद्र झाला, की तिसऱ्या दिवशी नासा. मी इथे २००३ साली एम.एस. करायला आलो आणि मग इथलाच झालो. तेव्हापासून काका, मामा, सासूबाई, पत्नीच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या सासूबाई अशा सगळ्यांना घेऊन मी स्पेस सेंटरच्या इतक्या वाऱ्या केल्या आहेत, की तिथल्या ट्रॅममध्ये मला आता गाइडचे विनोद तो सांगायच्या आधी आठवतात. माझा पेशा संगणकाचा. तेल कंपन्यांच्या सिस्टिम्स सांभाळायच्या. अंतराळाशी संबंध एवढाच, की घर क्लिअर लेकच्या बाजूला आहे.

तिथे एक काळसर दगडाचा तुकडा ठेवलेला आहे. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरून आणलेल्या दगडाचा हा काप. त्याला हात लावायची परवानगी आहे. लाखो बोटं फिरून तो काचेसारखा गुळगुळीत झालाय. पाहुणे हात लावतात, फोटो काढतात, आणि "एवढासाच?" असं म्हणून पुढे जातात.

२०१९ च्या जुलैमध्ये आमचे नाना आले होते. चांद्रविजयाला पन्नास वर्षं झाली म्हणून तेव्हा तिथे मोठीच गर्दी होती. नाना म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, मेहकर तालुक्यातल्या एका गावी सात एकर शेती, आणि अमेरिकेबद्दल मुख्य तक्रार ही, की इथे बांधावर बसून बोलायला कोणी नाही. त्यांनी रांगेत शांतपणे उभं राहून दगडाला अंगठा लावला, घासला, वाकून नीट बघितला आणि म्हणाले, "अरे, हा तं आपल्या इहिरीतला दगड हाये."

मागची गोरी बाई हसली, कारण मी हसलो. पण घरी आल्यावर सवयीने शोधाशोध केली आणि लक्षात आलं, की नाना शंभर टक्के बरोबर होते. तो दगड बेसॉल्टचा आहे. आमच्या विहिरीचा दगडही बेसॉल्टच. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत थरावर थर साचलेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्रावरचा सुमारे पावणेचार अब्ज वर्षांचा. घडण जवळची, वय वेगळं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना माहीत असेल. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, जिथे माणसं राहतात ती. चंद्राचंही तसंच आहे. आपण ज्याला ससा म्हणतो, हरिण म्हणतो, ते डाग म्हणजे चंद्राची काळी. प्रचंड आघातांनी पडलेल्या खोलगट भागांत आतून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. जुन्या खगोलशास्त्रज्ञांना ते समुद्र वाटले, म्हणून आजही नावं समुद्रांचीच. आर्मस्ट्राँग उतरला तो शांतिसागरात, म्हणजे काळीत. उरलेला उजळ भाग ती पांढरी. तिथला दगड बेसॉल्टपेक्षा जुना आणि फिका. त्याला अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणतात. चंद्र कोवळा असताना वितळलेल्या खडकाच्या महासागरावर हलकी खनिजं सायीसारखी तरंगून वर आली, ती ही साय. आपलं चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ ला दक्षिणेकडे साधारण ६९ अंशांवर उतरलं, ते पांढरीत. प्रज्ञान गाडीने तेवीस ठिकाणी मातीची तपासणी केली आणि निकाल या सायीच्या सिद्धांताशी जुळला. त्या आधी इस्रोला सरावासाठी तशी माती हवी होती. ती सापडली तामिळनाडूत, नामक्कल जिल्ह्यातल्या सितमपुंडी गावाजवळ. तिथला अ‍ॅनॉर्थोसाइट दळून तिच्यावर लँडर आणि गाडीच्या चाकांच्या चाचण्या झाल्या. चंद्राची पांढरी तामिळनाडूत आणि काळी आमच्या विहिरीत. मला हे फार आवडतं.

आता मुद्दा असा, की चंद्रावर जे पसरलंय त्याला माती म्हणावं का? भूशास्त्रज्ञ बिनदिक्कत 'लुनर सॉइल' म्हणतात. सगळ्या सुट्या थराला म्हणतात रेगोलिथ आणि त्यातल्या एक सेंटिमीटरपेक्षा बारीक भागाला सॉइल. रेगोलिथ शब्द १८९७ साली मेरिल नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ग्रीक शब्द जोडून बनवला. अर्थ, दगडाचं पांघरूण. मी त्याला दगडाची गोधडी म्हणतो. काळीत ही गोधडी चार-पाच मीटर जाड आहे, पांढरीत दहा-पंधरा मीटर. आणि ती खरोखर गोधडीचं काम करते. चंद्रयान-३ च्या तापमापकाने मोजलं तेव्हा वर पन्नास अंशांहून जास्त तापमान होतं आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास. एक वीत खणायची, की वैशाख जाऊन काश्मीर.

पण ही गोधडी विणली कशी गेली, तिथे खरा फरक आहे. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, नदी नाही, गांडूळ नाही. आहे फक्त मार. अब्जावधी वर्षं लहानमोठ्या उल्का आदळतायत, दगडाचे तुकडे होतायत, तुकड्यांची पूड होतेय. वाळूच्या कणाएवढी उल्कासुद्धा सेकंदाला दहा-वीस किलोमीटरच्या वेगाने येते, त्या धक्क्याने जागच्या जागी पूड वितळते आणि काच होऊन आजूबाजूच्या कणांना चिकटवते. जुन्या चांद्रमातीत असे काचेने सांधलेले, वेडेवाकडे कण निम्म्याच्या आसपासही असू शकतात. वरची पूड खाली आणि खालची वर होत राहते. या उलथापालथीला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय 'इम्पॅक्ट गार्डनिंग'. बागकाम! चार अब्ज वर्षं बागकाम चालू आहे आणि एक पान नाही.

आपल्याकडे हायवेला लागून खडी क्रशर असतात ना, त्यांच्या आजूबाजूच्या झाडांवर जी राखाडी भुकटी बसते, ती आठवा. चंद्राची माती म्हणजे ती भुकटी, वर काचेचा चुरा मिसळलेली. पृथ्वीवर वाळूचा कण पाण्यात, वाऱ्यात घासून गोल होतो. तिथे घासायला कोणी नाही, त्यामुळे प्रत्येक कणाला धार. अपोलो १७ च्या गाडीचं मडगार्ड सर्नानच्या हातोड्यात अडकून तुटलं, तेव्हा चाकांनी इतकी धूळ उडवली की त्यांना नकाशाचे कागद टेपने चिकटवून नवं मडगार्ड बनवावं लागलं. नासाचा जुगाड! त्याच मोहिमेतला हॅरिसन श्मिट स्वतः भूशास्त्रज्ञ. यानात परत आल्यावर कपड्यांवरची धूळ नाकात गेली आणि त्याला सर्दी झाल्यासारखं नाक चोंदलं. बऱ्याच अंतराळवीरांना तिचा वास बंदुकीच्या दारूसारखा आला, म्हणजे आपल्या भाषेत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीच्या अंगणाचा वास. पृथ्वीवर आणल्यावर तो वास गेला. आपल्या पहिल्या पावसाचा मृद्गंध मात्र मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. तो जिवंतपणाचा वास आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आर्मस्ट्राँगने दगडांचा डबा भरला, तर त्यात जागा उरलेली दिसली. दगड हलतील म्हणून त्याने फावड्याने नऊ-दहा वेळा माती घेऊन पोकळी भरून टाकली. परत निघताना आपली आई बॅगेच्या कोपऱ्यांत चिवड्याच्या पुड्या कोंबते, तसंच. मोजून-मापून गोळा केलेल्या नमुन्यांइतकंच संशोधन पुढे या कोंबलेल्या मातीवर झालं.

सहा अपोलो मोहिमांनी मिळून ३८२ किलो ऐवज आणला आणि त्यातला बहुतेक इथेच, आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, नायट्रोजन भरलेल्या कपाटांत बंद आहे. रशियाच्या तीन मानवरहित यानांनी तीनेकशे ग्रॅम आणला. चीनने २०२० मध्ये १७३१ ग्रॅम आणि २०२४ मध्ये चंद्राच्या मागच्या बाजूचा १९३५ ग्रॅम.

आता आपली काळी बघा. मूळ दगड तोच. पण इथे पाऊस पडला. पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल झालं, ते दगडाच्या भेगांत मुरलं, दगडातली खनिजं हळूहळू सडली. हो, सडली हाच शब्द बरोबर आहे. आधी मुरूम झाला. मुरूम म्हणजे माती होण्याच्या वाटेवर निघालेला दगड. मग त्याची चिकणमाती झाली. या चिकणमातीतलं स्मेक्टाइट हे खनिज पत्त्यांच्या कॅटसारखं असतं आणि पानांच्या मध्ये पाणी धरून ठेवतं. म्हणून काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते. वरचं ढेकूळ भेगेत पडतं, पुन्हा पाऊस, पुन्हा फुगणं. म्हणून म्हणतात, की काळी स्वतःला नांगरते. वाफसा हा शब्द मी इथे कितीतरी जणांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. ओलही हवी आणि हवाही हवी, पाय रुतता कामा नये आणि ढेकूळ फुटलं पाहिजे, अशी पेरणीजोगी वेळ. चंद्रावर कणांमधल्या पोकळ्या भरपूर आहेत, पण त्यांत पाणीही नाही आणि हवाही नाही. वाफसा हा शब्दच तिथे निरर्थक.

गंमत म्हणजे ह्यूस्टनच्या आसपासची बरीचशी चिकणमाती आणि आपली काळी मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात एकाच गणात येतात, व्हर्टिसॉल. इथली नद्यांनी आणून टाकलेली, आपली बेसॉल्टची, पण वागणं सख्ख्या बहिणींसारखं. नानांनी मला ऑगस्टमध्ये घराच्या पायाला नळीने पाणी घालताना बघितलं आणि कपाळाला हात लावला. "घराले पानी देतं?" मी म्हटलं, "नाना, माती आकसली की भिंतीला तडे जातात." ते खाली बसले, गवत बाजूला करून भेगेत बोट घातलं, आणि पहिल्यांदाच या देशाबद्दल बरं बोलले. "जमीन चांगली हाये लेका. घरं काहून बांधली इच्यावर?"

त्या दिवशी नासात त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. "मंग त्या मातीत काही उगवते का नाही?" १९६९ मध्ये इथल्याच प्रयोगशाळेत रोपांना चंद्राची धूळ लावून बघितली होती, झुरळांना खाऊ घातली होती. पण तो प्रश्न वेगळा होता. तिच्यात काही रोगजंतू नाहीत ना, एवढंच तपासायचं होतं. अंतराळवीरांनाही एकवीस दिवस कोंडून ठेवलं होतं. अपोलो १४ नंतर ते बंद झालं, कारण माती ठार निर्जीव निघाली. उगवण्याच्या प्रश्नाचं उत्तर यायला २०२२ साल उजाडलं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या तीन शास्त्रज्ञांना, अ‍ॅना-लिसा पॉल, रॉब फर्ल आणि स्टीफन एलार्डो यांना नासाने फक्त बारा ग्रॅम माती दिली. अंगुस्तानाएवढ्या खळग्यांत, प्रत्येकी ग्रॅमभरापेक्षाही कमी मातीत, मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपाचं बी टाकलं. पाणी आणि पोषकद्रव्यं वरून दिली. दोन-तीन दिवसांत सगळं बी उगवलं! सहाव्या दिवसापर्यंत ठीक होतं. मग मुळं खुरटली, पानं बारीक राहिली, काहींवर लालसर छटा आली. पेशी तपासल्या तर खारट जमिनीत किंवा जड धातूंत सापडलेलं रोप जशी धडपड करतं, तशी चिन्हं. उल्का आणि सौरवारा यांचा मार जास्त खाल्लेली अपोलो ११ ची माती सगळ्यांत वाईट ठरली.

मी त्याच रात्री फोन करून नानांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेनखत टाकलं होतं का थ्यायनं?" मी म्हटलं, नाही. "मंग कसं येईन?" आणि फोन आईकडे दिला. त्या आधी २०१९ च्या जानेवारीत चीनच्या यानातल्या बंद डब्यात चंद्रावर कापसाचं बी उगवलं होतं, हेही मी त्यांना एकदा सांगितलं. कापूस म्हटल्यावर ते एकदम सरसावून बसले. पण डब्यातली माती पृथ्वीवरचीच होती आणि चंद्राची रात्र झाल्यावर ते रोप थंडीने मेलं, हे कळल्यावर म्हणाले, "म्हंजे कुंडी नेली होती."

विमानात पूर्वी कस्टमचा फॉर्म मिळायचा, त्यात एक चौकोन होता: तुमच्याजवळ माती आहे का, किंवा तुम्ही शेतावर गेला होतात का? मी दर वेळी इमानदारीने 'हो' वर खूण करायचो आणि बूट दाखवायचो. चंद्राची पावणेचारशे किलो माती या देशात आली. आमच्या शेताची चिमूटभर येऊ शकत नाही. यात अन्याय वाटायचा, पण कायदा बरोबर आहे. आपल्या मातीच्या चमचाभरात अब्जावधी जिवाणू आहेत. ती जिवंत आहे म्हणून तिला बंदी आहे.

मात्र किती जिवंत, हा प्रश्न मला अलीकडे पडायला लागलाय. नानांनी बैल विकले ते २०१२ मध्ये. मग शेणखत विकतचं, म्हणजे जवळजवळ नाहीच. शेवटच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब आला ०.३८ टक्के. निम्मी लढाई हरल्यासारखा आकडा. अधूनमधून मला वाटतं, आपण उलट दिशेने निघालोय की काय. चंद्राला चार अब्ज वर्षांत जे साधलं नाही ते आपल्याला आयतं मिळालं होतं, आणि आपण त्याची पुन्हा भुकटी करतोय.

नाना २०२४ च्या जानेवारीत गेले. सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. वर्षभरातच प्रस्ताव आला. वरचं दोन एकर बरड आहे, वीतभर माती आणि खाली मुरूम. रस्त्याच्या एका ठेकेदाराला तो मुरूम हवा होता. ब्रासमागे भाव चांगला, पैसे रोख. दादाने मला संमतीपत्राचा मसुदा पाठवला. मी सही केली नाही. दोन आठवडे केली नाही. मग एका रविवारी आमचं बोलणं झालं आणि मी त्याला मुरूम, सडणारा दगड, इंचभर मातीला लागणारी शेकडो वर्षं, सगळं ऐकवलं. लोणारचंही सांगितलं. आमच्या गावापासून ते काही फार लांब नाही. उल्केने बेसॉल्टमध्ये पाडलेलं एवढं चांगलं विवर जगात दुर्मिळ. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यावर लेख आला, तेव्हा तिथली काच चंद्राच्या नमुन्यांशी ताडून बघितली होती. त्याच्या वयाबद्दल पन्नास हजारांपासून पाच-सहा लाख वर्षांपर्यंत मतं आहेत, पण तेवढ्यात तिथे त्या फुटक्या दगडावर जंगल उभं राहिलं.

दादाने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तुला तिथून मातीचं प्रेम परवडतं. इथं दोन वर्षं सोयाबीन गेलं. पुतणीची फी मी मुरमातून भरणार होतो." मी फी पाठवतो म्हणालो. तेव्हा तो गप्प बसला, आणि ते गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. वीस वर्षं त्या जमिनीवर तो राबला आहे. माझा हक्क कागदावरचा आहे, त्याचा अंगावरचा.

मार्ग त्यानेच काढला, पाच-सहा दिवसांनी. दोन एकर नाही, अर्धा एकर खणायचा. वरची माती आधी खरवडून बांधाला रचून ठेवायची आणि नंतर खालच्या काळीत पसरायची. मुरूम विकायचा, आणि जो खड्डा पडेल त्याला प्लास्टिकचं अस्तर घालून शेततळं करायचं. मुरमातून पाणी झिरपतं, म्हणून अस्तराचा खर्च मी करायचा. मी म्हटलं, आणि उरलेल्या मुरमातून तीन ट्रॉल्या शेणखत. तो म्हणाला, दोन. मी सही केली.

तळं मे महिन्यात पुरं झालं. अस्तर टिकतं का, ते या पावसाळ्यानंतर कळेल. परवा दादाने फोटो पाठवला, बांधाला रचलेल्या मातीच्या ढिगाचा. पहिल्या दोन पावसांतच तो सगळा ढीग हिरवा झालाय. तरोटा उगवलाय, दाट, गुडघाभर. कोणी पेरला नव्हता. खाली दादाचा मजकूर होता, "आता हा उपटायला मजूर लावावे लागतील, त्याचे पैसे कोणाकडे?"